मऊ कमानीची सरकारी गाडी

खैरीटोल्याच्या कालव्याला भगदाड पडले होते. ही गोष्ट गावातल्या प्रत्येक बाप्याला, बाईला आणि म्हशीला माहीत होती. म्हशींना जरा जास्तच, कारण उन्हाच्या वेळी त्या त्यातच बसत. शासनाला मात्र ती माहीत नव्हती. शासनाच्या लेखी भगदाड पडायचे असेल तर ते आधी उपविभागाच्या साहेबांना प्रत्यक्ष पाहणीत दिसावे लागते, आणि साहेबांची पाहणी अजून तिथवर पोचली नव्हती. त्यामुळे दर वर्षी धरणातून पाणी सुटे, कालव्यातून झोकात येई, भगदाडापाशी वळून नाल्यात उतरे आणि कागदोपत्री खैरीटोल्याच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पोचे.

गावाने एकदा हे भगदाड स्वतःच बुजवले होते. धानाची तणीस, म्हणजे पेंढा, आणि माती, दगड घालून, सकाळी सुरू करून संध्याकाळी मोकळे. आठवड्याभरात नोटीस आली. शासकीय मालमत्तेत विनापरवाना बदल केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, वगैरे. काय बुजवले याचा तिच्यात उल्लेख नव्हता, कारण तसा केला असता तर भगदाड होते असे मान्य करावे लागले असते. मग खात्याची चार माणसे आली, त्यांनी तणीस उपसून काढली आणि कालवा पूर्ववत करून दिला. म्हशींनी समाधान व्यक्त केले.

केवलराम पटले हा गावच्या पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष. संस्थेकडे पाणी सोडून सगळे होते. बोर्ड होता, खुर्ची होती, वार्षिक सभा होती आणि सभेत आभार मानायला माणूसही होता. केवलरामची जमीन कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. त्या साली, म्हणजे २०११ साली, त्याने सगळ्या बांध्यांत भारी, म्हणजे उशिरा पिकणारे, धान लावले होते. पावसाने भाद्रपदापर्यंत साथ दिली आणि ऐन धान निसवायच्या, लोंबी धरायच्या वेळी हात वर केले. आता एकच पाणी हवे होते. मिळाले तर दाणा भरणार, घरात वर्षाचा तांदूळ येणार. नाही मिळाले तर लोंब्या पोचट. इटियाडोह धरणाच्या पाण्यावरच्या गावांत असे प्रश्न पडत नाहीत म्हणतात. खैरीटोल्याचे लोक तिकडे मुली द्यायला एका पायावर तयार असत.

"अजी, आयकता का," त्याची बायको शकुंतलाबाई म्हणाली, "मी ह्या घरात आली तवापासून तांदूळ इकत आनला नाई. यंदा थैली धरून रेशनच्या लायनीत उभी करान मले, तं सांगून ठेवतो, त्या लायनीत तुमीच उभे राहान."

धान पिकवणाऱ्याने रेशनच्या रांगेत उभे राहायचे, या विचाराने केवलराम अर्ध्या ताटावरून उठला. अध्यक्षाने उभे राहायचे म्हणजे तर विचारूच नका. तो दुसऱ्या दिवशीच साहेबांकडे गेला.

साहेब वाईट नव्हते. पश्चिम महाराष्ट्रातून बदली होऊन आले होते, मृदू बोलत, आलेल्या माणसाला बसा म्हणत. त्यांचा एकच त्रास होता, तो म्हणजे मणका. खात्याने त्यांना कालव्याच्या पाळीवरून, म्हणजे काठाच्या बांधावरून, फिरायला एक छोटा ट्रक दिला होता. चारही चाकांनी ओढणारा, चिखलात, खडकात, नाल्यात कुठेही जाणारा. गाडी कुठेही जाई, पण तिच्या कमानीत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, एकावर एक असे जाड पोलादी पाटे ठासून भरलेले होते, कारण ती बनवणाऱ्याने तिच्यात दगड भरायचे ठरवले होते, साहेब नव्हे.

"अहो अध्यक्ष," साहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मला तुमच्या टोकापर्यंत यायचं नाही का? पण ती गाडी आहे की उखळ? मोहाच्या झाडापर्यंत येतो तोवर माझा एकेक मणका सुटा होतो. मग नाइलाजानं वळावं लागतं."

हे खरे होते. कालव्याच्या पाळीवर एक मोठे मोहाचे झाड होते. साहेबांचा प्रत्येक दौरा तिथे संपे आणि शेरा पडे : 'मोहाच्या झाडापर्यंत कालवा सुस्थितीत. उर्वरित भाग पुढील दौऱ्यात.' भगदाड झाडाच्या पुढच्या वळणावर होते. उरलेला भाग कित्येक दौरे उर्वरितच राहिला होता.

केवलराम बाहेर आला तो विचार करतच. साहेबाला यायचे आहे, गाडी येऊ देत नाही. म्हणजे दोष साहेबाचा नाही, खात्याचा नाही, कालव्याचाही नाही. दोष कमानीचा आहे. एवढा साधा दोष इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता आणि तो आपल्या लक्षात आला, याचा त्याला अभिमान वाटला. त्याने ड्रायव्हर भैय्यालालला चहाच्या टपरीवर गाठले.

"भैय्यालालभाऊ, ह्या गाडीची कमान नरम नाई का होत?"

भैय्यालाल गोंदियाचा. त्याने बशीतला चहा संपवला. "होती क्यूं नहीं? आमगावमध्ये मिस्त्री आहे. मोटे पट्टे निकाल देगा, नया शॉकर डाल देगा, गाडी मख्खन. लेकिन सरकारी गाडी आहे भाऊ. बिना परमिशन हात नाही लावू शकत."

"मंग?"

"मंग काय? गाडी धुवायला नेता येते. धुलाईला परमिशन नाही लागत."

त्याप्रमाणे गाडी आमगावला धुवायला गेली. मिस्त्रीने ती चार दिवस धुतली. कमानीतले सगळे जाड पाटे काढून टाकले, पातळ तेवढे ठेवले, पुढेमागे नवे शॉकर बसवले आणि साहेबांच्या सीटखाली एक लग्नाची गादी घातली. मोबदल्यात गावाने त्याला बारीक तांदळाचे पोते पोचवले. गाडी परत आली तेव्हा बोनेटवर हात ठेवला तरी ती लाजल्यासारखी खाली जाई. साहेब एकदा बसले, उठले, पुन्हा बसले आणि म्हणाले, "चांगली धुतली आहे."

काढलेल्या पाट्यांचे काय करायचे हा प्रश्न आला नाही. त्या भागात गाडीचा पाटा दिसला की लोहाराकडेच जातो. त्यासारखे पोलाद विळ्याला दुसरे नाही. मंगरू लोहाराने भट्टी पेटवली आणि त्या पाट्यांचे विळे केले. धानकापणी तोंडावर होती. घरोघरी एकेक विळा पोचला आणि असा विळा आजवर पाहिला नाही, असे बायका म्हणू लागल्या. एकंदरीत सर्वांचे कल्याण झाले होते. फक्त पाणी यायचे राहिले होते.

दौऱ्याचा दिवस ठरला. गाडीला दचका बसू नये म्हणून गावाने पाळीवरचे सगळे खाचखळगे मुरूम टाकून भरून काढले. याबद्दल नोटीस आली नाही, कारण मुरूम साहेबांच्या वाटेवर पडला होता. सकाळपासून सारे गाव भगदाडापाशी जमले. पोरांच्या हातात १५ ऑगस्टचे उरलेले झेंडे होते. केवलरामच्या हातात हार होता. वर बिरसीच्या वैमानिक शाळेचे शिकाऊ विमान घिरट्या घालत होते. त्या पोरांना वरून भगदाड रोजच दिसत असणार, पण त्यांचे खाते वेगळे.

गाडी दिसली. मोहाच्या झाडापाशी आली. सगळ्यांनी टाचा उंचावल्या. गाडी झाडापाशी वळली नाही! पुढे आली. एका म्हाताऱ्याने हात जोडले. गाडी डुलत डुलत वळणावर आली, भगदाडाला खेटून तशीच डुलत डुलत पुढे गेली आणि दिसेनाशी झाली. लोकांनी झेंडे हलवले, ओरडा केला, केवलराम हार घेऊन चार पावले धावलाही. भैय्यालालने आतून सलाम केला. शेजारी साहेब छातीवर हनुवटी टेकवून गाढ झोपले होते.

संध्याकाळी शेरा पडला : 'कालव्याचे शेवटच्या टोकापर्यंत निरीक्षण पूर्ण. संपूर्ण कालवा सुस्थितीत. ग्रामस्थांनी उत्स्फूर्त स्वागत केले.'

केवलराम भैय्यालालवर धावून गेला. "अरे, तुले भगदाड दिसलं नाई का?"

"दिखा ना. इतना बडा आहे, दिसणार नाही?"

"मंग गाडी काऊन नाई थांबवली?"

"साहेबांनी थांब म्हटलं तर थांबवतो."

"साहेब झोपून राहिले होते ना!"

"तेच तर सांगून राहिलो. झोपेत थांब कसं म्हणतील? और मैं उठाऊं? मेरी पोस्ट ड्रायव्हर की है भाऊ. साहेबाला उठवायची पोस्ट अजून निघाली नाही." वर तो मायेने म्हणाला, "बिचारे, नोकरी लागल्यापासून असं सोये नव्हते. मले पण आवडलं पाहून."

मग केवलराम कार्यालयात गेला. तिथल्या बाबूने त्याला शेरा वाचून दाखवला. पूर्वी तुमच्या टोकाची पाहणी झाली नव्हती, तोवर तक्रारीला वाव होता. आता पाहणी झाली आहे, तेव्हा तक्रार कशाबद्दल? केवलरामने मोबाइलमधला भगदाडाचा फोटो पुढे केला. बाबूने तो उभा, आडवा असा धरून पाहिला आणि परत दिला. फोटोत भगदाड दिसते, हे त्याने मोकळ्या मनाने मान्य केले. पण ते कोणत्या कालव्याला पडले आहे हे कालवा सुस्थितीत असताना कसे ठरवायचे?

इतके झाल्यावर केवलरामला आपली चूक कळली. दचके बसत तेव्हा साहेब निदान जागे असत! गाडी पुन्हा कडक व्हायला हवी होती. तो तडक मंगरूकडे गेला.

"मंगरूभाऊ, ते पाटे वापस पायजेत."

मंगरू हातोडा खाली ठेवून हसला. "पाटे? एक पाटा तं तुयाच घरी खुटीले टांगला हाय. बाकीचे गावात फिरून जमा कर."

"जमा केले तं पाटे होतीन का?"

"होतीन ना. पुरीची पुन्हा कनिक झाली का तवा होतीन."

तरीही केवलराम गावात फिरला. एकाही बाईने विळा दिला नाही. प्रेमिला नावाची शेजारीण तर दारातच उभी राहिली, विळा हातात धरून, आणि त्या पवित्र्यात तिच्याशी पुढे बोलणे केवलरामला योग्य वाटले नाही. घरी आला तर शकुंतलाबाईनेही खुंटीवरचा विळा काढून पदराआड घेतला.

"कायले लोखंडाच्या मागं लागता?" ती म्हणाली. "गाडी नरम झाली तं होऊ द्या. वाट कडक करा. खड्डे खना!"

केवलराम कुदळ शोधू लागला. एवढे साधे! दुसऱ्या दिवशी सारे गाव कुदळी-फावडी घेऊन पाळीवर उतरले आणि आपणच टाकलेला मुरूम उकरून भगदाडाच्या अलीकडे एकापुढे एक खड्डे खणू लागले. दिवसाउजेडी, गाणी म्हणत. केवलरामला धाकधूक होती, पण खात्याचा चौकीदार आला, पाहिले, आणि मधल्या सुट्टीत त्याने स्वतःचे फावडेही दिले. भगदाड बुजवणे हा शासकीय मालमत्तेतला बदल होता; खड्डा पडणे ही नैसर्गिक बाब होती, मग तो कोणीही पाडो.

लोंब्या आता बाहेर पडल्या होत्या. बांधीला भेगा दिसू लागल्या होत्या. केवलराम सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन एखादी लोंबी दाबून पाहायचा. आत दुधासारखे पाणी होते, म्हणजे अजून जीव होता. तो कोणालाही न सांगता धानाशी बोलायचा, थांब म्हणायचा. अध्यक्षाला शोभत नसले तरी त्याला रडू येत होते.

गावाच्या आग्रहावरून साहेब पुन्हा दौऱ्यावर आले. मोहाच्या झाडापर्यंत ते घोरतच आले. पहिल्या खड्ड्यात गाडी अशी बसली की साहेबांचे डोके टपाला लागले आणि ते जागे झाले. भगदाडापाशी उभ्या असलेल्या लोकांनी जल्लोष केला. साहेब जागे होते, डोळे सताड उघडे होते, आणि भगदाड त्यांच्या डाव्या हाताला होते. पण खड्ड्यात आपटलेला माणूस पुढचा खड्डा पाहतो, डावीकडे पाहत नाही. साहेबांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला आणि समोर पाहत ओरडले, "भैय्यालाल, काढ लवकर इथून!"

हा आदेश होता. भैय्यालालने तो तत्काळ पाळला.

या वेळचा शेरा सविस्तर होता. 'कालवा सुस्थितीत. तथापि पाळीवर खड्डे असल्याने निरीक्षणात व्यत्यय येतो. वाहनात सुधारणा आवश्यक.' हा शेरा वर गेला आणि कधी नव्हे ते वरून लगेच उत्तर आले. ज्याला परवानगी नव्हती तो बदल होता. ज्याची शिफारस झाली ती सुधारणा होती. गाडी या वेळी राजरोस शहरात गेली. उरलेले पाटेही निघाले, त्यांच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, गाडी वीतभर उंच झाली, चाके रुंद झाली, मागे दोन गुबगुबीत सीटा आल्या आणि काचांना काळी फिल्म लागली, कारण उन्हाने डोळ्यांना त्रास झाला तर निरीक्षण नीट होत नाही.

गाडी पाहायला इतर खात्यांचे साहेब येऊन गेले. प्रत्येकाने एक चक्कर मारली. त्यांच्यातल्या एका विद्वानाने यावर टिपण लिहिले, ते आजही आदर्श मानले जाते. त्याचा मुद्दा बिनतोड होता : रस्ता दुरुस्त केला तर तो एकाच जागी दुरुस्त होतो, गाडी दुरुस्त केली तर ती जिथे जिथे जाईल तिथला रस्ता आपोआप दुरुस्त होतो. तेव्हा दुरुस्ती गाडीचीच करावी. या टिपणानंतर खड्ड्यांबद्दलच्या तक्रारी एकदम कमी झाल्या, निदान ज्यांच्याकडे त्या पोचत होत्या त्यांना तरी त्या पटेनाशा झाल्या.

धरणाचे दार बंद व्हायच्या आधी आता एकच दौरा उरला होता. केवलराम साहेबांपुढे हात जोडून उभा राहिला. तुम्ही झोपता, असे साहेबांना सांगता येत नाही. त्याने वेगळ्या शब्दांत सांगितले, की या खेपेला शेतकऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून मला सोबत घ्या, म्हणजे मी एकेक जागा बोटाने दाखवीन.

"अहो, उत्तम!" साहेब मनापासून म्हणाले. "लोकसहभाग. मी तर कधीचा म्हणतोय."

शकुंतलाबाईने त्याला नीळ दिलेला सदरा काढून दिला. "आयका," ती म्हणाली, "मोहाचं झाड आलं का साहेबाचा हात धरा. उठत नसंन तं चिमटा घ्या. मी तिथंच उभी राहातो, भगदाडात. मी दिसली का म्हना, साहेब, हे पाहा. एवढंच काम हाय तुमचं."

"एवढंच तं हाय," केवलराम म्हणाला.

आणि तो गाडीत बसला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. केवलरामचे सगळे आयुष्य खाचरात, सायकलवर आणि बैलगाडीच्या धुऱ्यावर गेले होते. त्याची कंबर साहेबांच्या कमरेपेक्षा जुनी होती, फक्त तिच्याबद्दल कोणी टिपण लिहिले नव्हते. गेले कित्येक आठवडे तो धड झोपला नव्हता. आता त्याच्या पाठीला सीट लागली आणि ती सीट त्याच्या पाठीच्या आकाराची झाली. दार लागले, बाहेरचे ऊन, धूळ, आवाज बाहेर राहिले. गाडी निघाली, पण निघाल्याचे कळले नाही. काळ्या काचेतून कालवा हिरवागार, थंड दिसत होता. कुठल्यातरी खड्ड्यातून गाडी गेली असावी. केवलरामला फक्त कोणी पाळणा हलवल्यासारखे वाटले. हेच खड्डे आपण खणले होते, हे त्याला आठवले आणि उगाच कशाला एवढी मेहनत घेतली असे वाटले. एवढा काही वाईट नाही आपला कालवा, त्याच्या मनात आले. पुढच्या सीटवर, भैय्यालालशेजारी, साहेबांची मान कलली. झाड अजून लांब आहे, केवलरामने ठरवले, तोवर क्षणभर डोळे मिटावे. डोळे मिटूनही माणूस जागा राहू शकतो.

"भाऊ, आ गया आखरी टोक," भैय्यालालचा आवाज आला.

केवलरामने डोळे उघडले. समोर कालव्याचे कोरडे टोक होते आणि त्यापलीकडे त्याच्याच बांध्या. साहेब जांभई आवरत रुमालाने चष्मा पुसत होते.

"काय अध्यक्ष," ते प्रसन्नपणे म्हणाले, "पाहिलंत ना सगळं नीट?"

केवलरामने मागच्या काचेतून पाहिले; मोहाचे झाड केव्हाच मागे पडले होते. खरे सांगायचे तर एकच वाक्य पुरे होते : साहेब, मी झोपलो. पण ते म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता, की मग साहेब काय करत होते? आणि साहेब इतके चांगले, आपल्या गाडीत बसवून आणलेले, पुढे कधी काम पडणारे. शिवाय तो अध्यक्ष होता. झोपलेला अध्यक्ष गावाने कधी पाहिला नव्हता.

"पाहिलं साहेब," तो म्हणाला.

"काही अडचण?"

"नाई साहेब."

साहेबांनी तिथेच, गाडीच्या बोनेटवर शेरा लिहिला आणि लाभधारक प्रतिनिधी म्हणून त्याच्याखाली केवलरामची सही घेतली. त्याने पेन टेकवले तशी गाडी अदबीने खाली गेली आणि सही कुठेही न अडखळता उमटली.

तो पायी घरी आला. शकुंतलाबाई ओसरीवर बसली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, हात रिकामे.

"गाडीसंगं धावून काचेले डोरे लावून पाहिलं मी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होते. "दोघंही. साहेब पुढं, तुमी मागं. मुंड्या एकाच तालावर हालत होत्या. मी हात हालवून हालवून थकली. भैय्यालालनं मलेही सलाम केला."

केवलराम खालच्या पायरीवर बसला. त्याला लाज वाटली, अगदी खरी. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावे अशी.

"कसं लागत होतं जी आत?" तिने विचारले.

त्याने सदऱ्यावरची नसलेली धूळ झटकली. मग तो खालच्या मानेने म्हणाला, "लय बेस."

धान जागच्या जागी पांढरे पडले. लोंब्या ताठ उभ्या राहिल्या, कारण त्यांना वाकवायला आत दाणाच नव्हता. मंगरूचे विळे इतके उत्तम होते की सगळ्या बांध्या भराभर कापून झाल्या आणि ते तणसाचे भारे जनावरांपुढे पडले. केवलराम थैली घेऊन रेशनच्या रांगेत उभा राहिला. ओळखीची माणसे पुढे-मागे होती, कोणी कोणाकडे बघत नव्हते.

शकुंतलाबाई एकटी पायी चालत उपविभागात गेली. भगदाड मी पाहिले आहे, स्वतःच्या पायांवर त्यात उभी होते, तिथला चिखल अजून वाळलेला नाही, असे तिने सांगितले. बाबूने तिला पाणी दिले, बसवले आणि पायी चालत केलेल्या निरीक्षणाची नियमात तरतूद नाही हे समजावून सांगितले. पुढच्या वर्षी गावाने मात्र एक सुधारणा मागून घेतली. प्रतिनिधी दर दौऱ्याला वेगळा असावा, सगळ्यांना संधी मिळावी. तसे झाले. खेमराज बसून आला, बकाराम बसून आला, प्रेमिलासुद्धा बसून आली. जो जाई तो शांत चेहऱ्याने परत येई आणि कालव्याबद्दल पूर्वीसारखे वाकडे बोलत नसे. आता गावात भांडण होते ते पाण्यावरून नव्हे, पुढच्या खेपेला सीटवर कोणी बसायचे यावरून.

गाडीला मागे दोन सीटा आहेत हे वर आलेच आहे. त्यातल्या एकीवर केवलराम होता. दुसरीवर, वाचकहो, तुम्ही होता. पहिल्यापासून. तुम्हाला भगदाड कुठे आहे ते नेमके माहीत होते, मोहाचे झाड माहीत होते, चिखलात उभी राहून हात हलवणारी बाई तुम्ही काचेतून पाहिली. तुम्ही झोपलेलाही नव्हता. तुम्ही हसत होता. प्रवासात कुठे दचका बसला का? नाही ना? आम्ही तशी काळजीच घेतली होती. मग त्या शेऱ्याखाली, केवलरामच्या सहीशेजारी जागा सोडली आहे. तिथे सही करा आणि पेन परत द्या. ते सरकारी आहे.